एडगरचे ब्रेक किती तापतात

जर्मनीतल्या आडेनाउ गावात एडगर थेलेनला ओळखत नाही असं एकही धुरांडं नव्हतं. चौतीस वर्षं तो घरोघरी छपरावर चढून काजळी झाडत आला होता. नव्या वर्षाच्या सकाळी लोक त्याच्या काळ्या कोटाचं सोनेरी बटण चोळून जात, त्याने म्हणे वर्ष बरं जातं. पण एडगरच्या मते काजळी झाडणं हे काही खरं काम नव्हे. खरं काम मोजण्याचं. बंबाच्या नळीत सळई घालायची, धूर किती अंश तापलाय ते वाचायचं आणि सही ठोकून कागद द्यायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी कोणी खास वाळलेलं लाकूड जाळून आकडा सुधारायला गेलं, तर एडगर राखेकडे नुसता बघायचा आणि तीन आठवड्यांनी न सांगता पुन्हा यायचा. त्या माणसाला मग सहा महिने बेकरीत मान वर करता येत नसे.

असा हा माणूस वर्षातून सहा वेळा अंगातला काळा कोट उतरवून लाल गाडीत बसायचा आणि रिंगवर जायचा. गावाच्या डोक्यावरच ती शर्यतीची वाट आहे, वीस किलोमीटरची, जंगलातून वरखाली जाणारी. ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी तिथे पळवू शकतं. एडगर गेली अठ्ठावीस वर्षं ती पळवत होता आणि त्याहून जास्त ती दर शुक्रवारी गुत्त्यातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर पळवत होता. तिथे त्याचे ब्रेक लालबुंद व्हायचे, पॅडचा धूर निघायचा, उतारावर जळका वास थेट नाकात जायचा. ऐकणाऱ्यांना आता तो वास पाठ झाला होता.

त्या वसंतात निवृत्त पोस्टमास्तर पाउलीने टेबलावर जाहीर केलं की आपण गाडीला शर्यतीचे पॅड बसवले. पाउलीकडे एडगरपेक्षा नवी गाडी होती, हे एडगरने पोटात घातलं होतं. पण पाउलीचे पॅड आपल्यापेक्षा जहाल, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याने सांगून टाकलं की मीसुद्धा सोमवारी शर्यतीचेच टाकतोय, साधे माझ्या हाताखाली टिकतच नाहीत.

आता बोलला तसं करणं आलं. तो मार्लीसच्या गॅरेजात गेला. मार्लीस ही त्याच्या जुन्या मित्राची मुलगी. शाळेत असताना एडगरच्या शिडीला धरून उभी राहायची, आता चाळिशीला आली होती आणि गावातल्या निम्म्या गाड्या तिच्या हाताखालून जात. तिने चाक काढलं, जुने पॅड बाहेर घेतले आणि खिशातली वही उघडून तारीख बघितली.

"एडगरकाका, हे मी सात वर्षांपूर्वी टाकलेत."

"माल चांगला होता," एडगर म्हणाला.

मार्लीसने वही मिटली. तिने त्याला नीट समजावलं. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी थंड गाडी घेऊन उताराने बेकरीला निघालं, तर पहिल्या दोन चौकांत नुसती प्रार्थना करायची. शिवाय ते किंचाळतात, चाकामागची लोखंडी डिस्क खातात आणि रस्त्यासाठी त्यांना परवानगी नसते, वार्षिक तपासणीत गाडी नापास. साधे पॅड थंडगारसुद्धा धरतात, पण फार तापले की हात टेकतात. मधले आहेत ते भरधाव रस्त्यासाठी आणि वर्षात चारदोन फेऱ्यांसाठी. तेव्हा निवडायचे कुठले, ते आधी मोजायचं.

"पॅड तापमान बघून घ्यायचे असतात काका, छाती बघून नाही."

मोजायचं म्हटल्यावर एडगरला नाही कसं म्हणता येणार? मार्लीसने पुढच्या दोन्ही डिस्कच्या कडेवर गोल फिरवून तीन रंगांच्या रेघा ओढल्या. हिरवा साधारण चारशे तीस अंशांना पांढरा पडतो, नारिंगी पाचशे साठला पिवळा, आणि लाल सहाशे दहाला पांढरा. एक फेरी मारून या, ती म्हणाली, मग रंगच सांगतील. आणि गॅरेजात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनी हे सगळं ऐकलं. संध्याकाळपर्यंत गुत्त्यात पैजा लागल्या होत्या. पाउलीने नारिंगीवर बिअर लावली होती, तीही मोठ्या मनाने.

शुक्रवारी एडगर रिंगवर गेला. आज उशिरा, वळणाच्या अगदी तोंडाशी ब्रेक दाबायचे, म्हणजे ते तापतील, असं त्याने फाटकातच ठरवलं होतं. पहिलं वळण आलं आणि त्याचा पाय त्याला न विचारता खाली गेला. दुसऱ्याला तो स्वतःवर ओरडला, तरी पाय खालीच. भाड्याच्या चिमुकल्या गाडीतून चार डच पोरं त्याला मागे टाकून गेली आणि जाताना हात हलवून गेली. फेरी संपल्यावर त्याने खाली वाकून चाकाच्या दांड्यांमधून पाहिलं. हिरवी रेघ हिरवीगार होती. एडगरला मनापासून वाईट वाटलं. आपण एवढी वर्षं खोटं बोलत होतो हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि ते असं रंगवून समोर आलेलं बघायला कोणाला आवडेल?

शनिवारी त्यांच्या गल्लीत सगळे दाराबाहेर असतात. झाडू, बादली आणि फरशीच्या फटीतलं गवत जाळायची गॅसची नळी, ही तिथली शनिवारची पूजा. एडगरने ती नळी घेतली, पण अंगणात न जाता गॅरेजचं दार आतून ओढून घेतलं. डावीकडून गाडी जॅकवर चढवली, सुरक्षेसाठी गिअरमध्ये ठेवली, चाक उतरवलं आणि ज्याने जन्मभर लोकांच्या राखेतली लबाडी हुंगली, तो माणूस डिस्कच्या कडेला जाळ लावून बसला. हिरवी गेली. नारिंगी गेली. लाल पांढरी पडली तेव्हा त्याला कोण आनंद झाला. उजव्या चाकाकडे वळला आणि गॅस संपला.

त्याची बायको गुद्रुन स्वयंपाकघरात बटाटे किसत होती. तिने खिडकीतून विचारलं, "एडगर, गॅरेजात गवत उगवलंय का?"

"फटी आहेत," एडगर आतून म्हणाला.

सोमवारी गाडी मार्लीसकडे लिफ्टवर चढली. गुद्रुन परतीच्या वाटेवर एडगरला घ्यायला म्हणून आपल्या गाडीने आली होती आणि दारात उभी होती. पाउली तिथे टायरची हवा बघायला आला होता, ती त्याने आठ दिवसांत तिसऱ्यांदा बघितली होती. मार्लीसने आधी उजवी डिस्क पाहिली. हिरवी. मग डावी पाहिली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

एडगरने उत्तर घोकून ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, कोणी विचारायच्या आधीच तो सुरू झाला. रिंगवर उजवी वळणं भरपूर, भार सगळा डाव्या चाकावर येतो, अवघड वाट आहे, ज्याने चालवली त्यालाच कळतं. पाउलीने मान डोलावली. त्याला हे पटलं होतं, आणि एडगर आपल्याहून जहाल निघाला म्हणून वाईटही वाटलं होतं.

मार्लीसने डिस्कवर बोट ठेवलं आणि ती हळूहळू फिरवली. पांढरं आलं, पिवळं आलं. आणखी फिरवली. मग नारिंगी, लाल आणि हिरव्या तिन्ही रेघा आल्या, काल ओढल्यासारख्या ताज्या. अर्धी डिस्क सहाशे अंशांची आणि अर्धी कोरी. गिअरमध्ये अडकलेलं चाक जाळ लावताना फिरलंच नव्हतं, आणि ते फिरवायचं असतं हे एडगरच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काका," मार्लीस हळू आवाजात म्हणाली, "गाडी अर्ध्याच चाकावर चालवलीत का?"

पाउली टायर सोडून जवळ आला. एडगरचा चेहरा त्याच्या कोटासारखा झाला. तो पुन्हा वळणं, भार असं काहीतरी पुटपुटला. पितळ उघडं पडलं होतं, आणि तेही पाउलीच्या पुढ्यात. आता शुक्रवारी त्या टेबलावर बसायचं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गुद्रुन दारातून आत आली.

"हिरवाच असणार," ती म्हणाली. "ब्रुन्शेनच्या वळणाला सगळे पांढऱ्या खांबापुढे जाऊन ब्रेक दाबतात. हा खांबाच्या पार अलीकडे दाबतो."

"तुला काय माहीत?" एडगरने विचारलं. गुद्रुन रिंगवर कधी येत नसे. तिला त्या आवाजाने डोकं दुखतं, असं तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सांगितलं होतं.

"मी बघते की. तू निघालास की मागोमाग सायकल काढते आणि कुंपणाशी उभी राहते. अगदी पहिल्या वर्षापासून. आपली आंके जन्मायच्या आधी तू खांबाच्या पुढेच दाबायचास. ती झाली आणि तू अलीकडे आलास. तुझी गाडी गेली की मी घरी जाते आणि बटाटे चुलीवर टाकते."

अठ्ठावीस वर्षं, वर्षाला सहा फेऱ्या. मोजणाऱ्या माणसाने मनातल्या मनात हिशेब केला, आणि त्याला तो आकडा सहन होईना. पावसातसुद्धा? त्याने विचारलं. पावसात जास्तच लवकर दाबतोस, गुद्रुन म्हणाली. पाउलीने उगीचच टोपी काढून हातात घेतली.

"मग एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"कशी सांगणार?" गुद्रुन म्हणाली. "सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून उशिरा दाबले असतेस."

एडगर चिंधीने हात पुसत राहिला, हात स्वच्छच होते. मग त्याने मार्लीसकडे पाहिलं.

"साधे टाक."

"शुक्रवारी तिकडे काय सांगायचं?" पाउलीने विचारलं, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"सांग, थेलेन लवकर ब्रेक दाबतो," एडगर म्हणाला. "त्याच्या घरी बटाटे चुलीवर असतात."