सात घोडेस्वार आणि एक वाटी हळद

माझे पणजोबा घोड्यावर बसले की वारा धापा टाकत मागून यायचा, हे मी जव्हारच्या कचेरीत इतक्यांदा सांगितलंय की आता त्या घोड्याचा रंगही ठरलाय. पुरावा हवाच असेल तर पोशेऱ्याला आमच्या शेताकडेला जा. तिथे मोहाच्या झाडाखाली त्यांचा चिरा आहे, म्हणजे मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार.

आमच्या घरात लग्नाची पहिली हळद त्या चिऱ्याला लागते आणि वाटीत उरलेली उष्टी हळद नवरीला. त्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. हे काम थोरले काका एकटेच जाऊन करायचे. ते मागच्या वर्षी गेले, आणि कुणाला काही न सांगता गेले. म्हणून यंदा लेकीच्या हळदीला मी आणि सत्तरीची आत्या वाटी घेऊन निघालो.

मोहाखाली पाहतो तर चिरे सात! सातांवर सात घोडेस्वार, वर भाकरीएवढी जाड शेंदराची पुटं.

"आत्या, आपला कोणता?"

"मना काय ठावं? बायकांना हितं कोण येऊ देत व्हतं? तुझा घोडा, तूच वळख."

"शेपूट वर केलेला असणार."

"सगळ्यांचीच वर हाय. आरं, आपल्या घरात बोकडावर तरी कोण बसलाय का कधी? कोरणाऱ्याला घोडाच येत असंल, त्यानं सगळ्यांना बसवला!"

एवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, दोन तास पाटावर बसलेय. मुंग्या आल्या पायाला. हळद कुठंय?"

आत्यानं निकाल दिला, "भलत्याच म्हाताऱ्याला लागली तर आपला रुसंल. सगळ्यांना लाव."

लावली. आत्याचा हात असा सढळ की सातव्या स्वाराला लावून झाली तेव्हा वाटी घासून ठेवल्यासारखी लखलखत होती. आम्ही वाटीकडे बघतोय, वाटी आमच्याकडे. घरी हळद पोतंभर होती, पण उष्टी कुठून आणायची?

आत्यानं पदर खोचला. "जरा मागं सर रं म्हाताऱ्या, पोर खोळंबलीय," असं एकेकाला सांगत तिनं सातही चिऱ्यांवरची हळद नखानं खरवडून वाटीत घेतली. तेलातला शेंदूर काय मागे राहतो? तोही आला.

मांडवात ती हळद लागली आणि माझी लेक गावच्या मारुतीसारखी केशरी झाली. तिनं आरशात पाहिलं आणि हसता हसता पाटावरून खाली पडली. नवऱ्याकडच्या बायका डोळे फाडून बघायला लागल्या.

"ही कसली हो हळद?" विहीणबाईंनी विचारलं.

"सात घोडेस्वारांची," आत्या पापणीही न हलवता म्हणाली. "तुमच्यात एकाचीच लावतात व्हय?"

विहीणबाई हळूच जवळ सरकल्या. "थोडी उरलीय का? आमच्या धाकटीचंही ठरतंय."