दाऊदचाचांची करंगळी

ही गोष्ट मी वीस वर्षांहून अधिक काळ टाळली. रत्नागिरीला गेलो की कोणीतरी विषय काढायचंच, आणि मी आंब्याच्या मोहराचं काहीतरी बोलून उठायचो. आता मला बहात्तरावं चालू आहे. डाव्या हाताची बोटं सकाळी उघडायला वेळ घेतात. माझ्याबद्दल गावात जे बोललं जातं ते अर्धं खोटं आहे. पण त्याला उत्तर द्यायचं तर उरलेलं अर्धंही सांगावं लागेल, म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

१९९८ साली मी चव्वेचाळीस वर्षांचा सरकारी टंकलेखक होतो. कायमची नोकरी सोडून गिटार वाजवायला मुंबईला निघालो. कोकण रेल्वे तेव्हा नवी होती, गाडीत बसायचं नसलं तरी माणसं स्टेशनवर यायची. मला पोचवायला तिघं आली. वडील फलाटावर म्हणाले, "सरकारी खुर्चीला चार पाय असतात. तुझ्या त्या लाकडाला एकही नाही." सुनंदा, माझी बायको, हायस्कुलात शिकवायची. ती म्हणाली, "जायचं तर जा. पण तोंड पाडून परत येऊ नका, मला शाळेत उत्तरं द्यावी लागतील."

तिसरे दाऊदचाचा. रत्नागिरीतल्याच राजिवड्याचे, उमेदीची वर्षं जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेले. परदेशातल्या बंदरांतून त्यांनी एक गिटार आणि रॉक अँड रोलच्या तबकड्या आणल्या होत्या. कॉलेजात असताना मी खाडीकाठच्या त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो, आणि मला जे येतं ते तिथे आलं. चाचांची डावी करंगळी जहाजाच्या लोखंडी दारात चिरडून कायमची आखडलेली होती. ते तीन बोटांनी वाजवायचे. मी दुसरा गिटारवाला कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे गिटार तीनच बोटांनी वाजवतात असं समजून मीही करंगळी दुमडून शिकलो. चांगली, धडधाकट करंगळी. सव्वीस वर्षं.

मुंबईत पहिल्याच सेशनला कीबोर्डवाल्याने विचारलं, "काका, चौथं बोट गावी विसरलात का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि पुढचं वर्षभर त्या बोटाला लहान मुलासारखं चालायला शिकवलं.

सेशनचं काम म्हणजे काय ते गावाला कधी कळलं नाही. स्टुडिओत जायचं, समोर कागद येतो, कानाला हेडफोन, त्यात क्लिकची टिकटिक, आणि तिच्या तालावर दोन-तीन टेकमध्ये काम संपवायचं. नाव कुठेच येत नाही. लोक म्हणायचे, "एवढं नोकरी सोडून गेला, एका कॅसेटवर नाव नाही." नाही तर नाही. साबण, स्कूटर, बिस्किटं, मालिकांची शीर्षकगीतं. तुमच्या माजघरात मी दिवसातून चारदा वाजत होतो आणि तुम्ही मलाच विचारत होतात की सध्या काय करतोस. त्या कामाची मला लाज वाटली नाही, आज वाटत नाही. वसईची दोन खोल्यांची जागा त्यातून उभी राहिली, दोन वर्षांनी सुनंदा आली, आणि वडिलांनी सांगितलेल्या त्या खुर्चीची आठवणही झाली नाही.

आता गावाचा आरोप. सुरेशने चाचांची कला मुंबईत नेऊन विकली आणि चाचांना मात्र कुजवलं. हे खोटं आहे. मी चाचांना नेलं होतं. २००२ मध्ये एक कंपनी कोळीगीतं रॉक अँड रोलच्या ढंगात काढत होती. एका गाण्यात गिटारला मोठी मोकळी जागा होती. मी संगीत संयोजकाला म्हटलं, हे वाजवणारा एकच माणूस आहे.

चाचा तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. गिटार चादरीत गुंडाळून आले. हेडफोन लावला आणि लगेच काढला. "सुरेशा, ह्या टिकटिकीवर वाजवायला मी काय घड्याळ हाय?" काचेपलीकडचे हसले. चाचांनी क्लिकशिवाय वाजवलं, आणि काय वाजवलं. लाट मागे ओढते तसे ते तालाच्या मागे रेंगाळायचे आणि सम आली की अंगावर यायचे. पण बाकीची वाद्यं क्लिकवर बांधलेली होती, त्यांच्यात ते बसेना. एकच टेक झाला. चाचा म्हणाले, "असरची नमाज पढून येतो, मग परत बघू."

ते गेल्यावर संयोजक मला म्हणाला, "तुम्हीच मारून टाका ना तो तुकडा. त्यांच्यासारखंच. नाव त्यांचंच छापू."

मी मारून टाकलं. पहिल्या टेकमध्ये. चाचा परतले तेव्हा तारा पुसत होतो. "झालं? एवढ्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं चाचा. तुमचंच घेतलं. मस्त झालंय."

कॅसेट आली. आत 'गिटार' आणि पुढे चाचांचं पूर्ण नाव छापलेलं. राजिवड्यात घरोघर वाजली. मी गावी गेलो तेव्हा त्यांची पडवी माणसांनी भरली होती, चाचा टेपरेकॉर्डरजवळ बसून सगळ्यांना ऐकवत होते. ती मोकळी जागा आली. शेवटी शेवटी एक लांबचा सूर आहे. त्या वेगात तो तीन बोटांनी लागत नाही. वाजवताना माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं, करंगळी आपोआप गेली होती. माणसं पांगल्यावर चाचांनी आपला डावा हात उजेडात धरला, ते आखडलेलं बोट बघितलं आणि म्हणाले, "करंगळी बरी झाली वाटतं माझी."

मी हसलो. अगदी त्या कीबोर्डवाल्यासमोर हसलो होतो तसाच. चाचांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि गावालाही काही कळू दिलं नाही. म्हणूनच तुम्हाला आजवर वाटत राहिलं की असं वाजवणाऱ्या माणसाला मी परत बोलावलं नाही.

काही वर्षांनी ते आजारी पडले. वसईहून निघालो तो वाक्य पाठ करत. दोन तास त्यांच्या खाटेशी बसलो. ते जहाजावरच्या भटारखान्याचं बोलत राहिले, तीस माणसांचा भात वादळात कसा शिजवायचा ते. उठलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "काय सांगायला आलेलास?"

"काही नाही, सहज."

"मग ये परत सहज."

मी परत जाण्याआधीच ते गेले. लोक विचारतात, आता घर वसई की रत्नागिरी? वसईत मला कोणाला काही सांगायचं राहिलेलं नाही. रत्नागिरीत राहिलं आहे, एवढ्यावरून ठरवतो.

चाचा, मी नोकरी सोडून गेलो त्याची माफी मागत नाही. चौथं बोट शिकलो त्याचीही नाही. दुसऱ्याच्या जागी वाजवणं हे माझं काम होतं. पण तुम्ही म्हणाला होतात, परत बघू. "चाचांसाठी क्लिक बंद करा, बाकीचे त्यांच्या मागून वाजवतील," एवढं त्या संयोजकाला म्हणायला हवं होतं. पुढचं बोलावणं येणार नाही या भीतीने मी म्हटलं नाही. तुम्ही नमाजेला गेला होतात आणि तुमचा दुसरा टेक मी घेतला. मला माफ करा.