नरसिंहअण्णाची गॅरंटी

चामराजपेटेत जुन्या गाड्यांचे दलाल पुष्कळ होते, पण गॅरंटी देणारा एकच, नरसिंह पतंगे. तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर, त्यामुळे सगळा मोहल्ला त्याला अण्णा म्हणायचा. नवी गाडी घेतली की कंपनी वर्षभराची वॉरंटी लिहून देते. जुन्या गाडीला असलं काही नसतं. दोन दिवसांनी गिअर अडला तर घेणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यायचा. "सहा महिन्यांत काही निघालं तर माझ्याकडे या," एवढंच नरसिंह म्हणायचा, आणि शब्द पाळायचा.

कसा पाळायचा, ते मात्र विचारू नये. ज्याने खोट लपवून गाडी विकली, त्याच्या दारात तो जायचा, कॉलर धरून त्याला रस्त्यावर ओढायचा आणि दुरुस्तीला तयार होईपर्यंत बडवायचा. एका अँबॅसडरवाल्याचे पुढचे दात त्याने गटारात पाडले होते. दुसऱ्याची बोटं त्याच्याच गाडीच्या दारात चेचली होती. पोलीस आत टाकायचे. बाहेर आल्यावर हा पहिलं विचारायचा, "गाडी नीट झाली काय?" बायको, रत्नाबाई, त्याचे रक्ताळलेले शर्ट थंड पाण्यात भिजवायची आणि कपाळ बडवून घ्यायची.

त्याची आणखी एक खोड होती. इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, स्वतः उघडून आत बघितल्याशिवाय तो गाडी विकत नसे. "पोरगी न बघता सून आणतात काय?" म्हणायचा.

शहाण्णव साली पुण्याहून सुशांत आणि स्मिता नावाचं जोडपं आलं. दोघं कॉम्प्युटर कंपनीत, राजाजीनगरात भाड्याने राहणारी. नरसिंहाकडे आठ महिने वापरलेली छोटी पांढरी गाडी होती, मालक परदेशी गेला होता. कंपनीची वॉरंटी चार महिने शिल्लक होती, आणि ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे येत होती.

"तुमची गॅरंटी राहू द्या अण्णा," सुशांत हसून म्हणाला. "कंपनीची आहे ना, तीच सेफ."

हे नरसिंहाला झोंबलं. "दोन्ही घ्या की," तो म्हणाला. आणि गाडी हाती देण्याआधी, सवयीप्रमाणे, त्याने हेड उघडलं, आत डोकावला, खूश झाला आणि नवं पॅकिंग घालून बंद केलं.

महिन्याभरात तुमकूर रोडवर वाफ सोडत इंजिन जाम झालं. गाडी जागच्या जागी अडली आणि मागून लॉरी येऊन धडकली. स्मिताचं कपाळ काचेवर फुटलं. कंपनीच्या वर्कशॉपने वॉरंटी नाकारली. सुशांतने हे येऊन सांगितलं तेव्हा नरसिंहाचं डोकंच फिरलं. त्या पोरीला टाके पडले आणि हे हात झटकतात?

सुशांतला घेऊन तो थेट वर्कशॉपमध्ये घुसला. मॅनेजर टाय लावून उभा होता.

"स्वल्प ऐका स्वामी, वॉरंटी अशी..."

नरसिंहाने टाय धरून त्याचं तोंड त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं. नाकाचं हाड कडकन मोडलं. पुन्हा आपटलं. बॉनेटवरून रक्त ओघळलं. मेकॅनिक पाने घेऊन धावले. एकाने बरगडीत हाणलं. त्याला नरसिंहाने लाथेने उडवलं, दुसऱ्याचा पाना हिसकावून त्याच्याच खांद्यावर मारला. सुशांत ओरडत होता, "अहो सोडा! मरेल तो!"

मॅनेजर जमिनीवर पडून, नाक धरून बोलला, "हेड बाहेर उघडलंय. बाहेरचा हात लागला की आमची वॉरंटी संपते. पॅकिंग नीट बसलं नाही, तिथून पाणी गळलं, इंजिन तापून जाम झालं. कुणी उघडलं ते विचारा!"

नरसिंहाने हातातला पाना टाकला.

"मी उघडलं," तो म्हणाला.

मेकॅनिकांनी मग त्याला मनसोक्त तुडवलं. त्याने हात उचलला नाही.

चौकीतून सुटला तसा तो आपली लाडकी फियाट घेऊन राजाजीनगरला गेला. दार स्मिताने उघडलं. कपाळाला पट्टी, डोळा काळानिळा.

"अक्का, ही घ्या," किल्ली पुढे करत तो म्हणाला. "हिचं काही निघालं तर मी आहे."

तिने किल्लीकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या सुजलेल्या मुठीकडे बघत होती. "गाडी नको काका. तुम्ही परत येऊ नका, प्लीज. मला तुमची भीती वाटते." तिने दार लावून घेतलं आणि आतून साखळी चढवली.

नरसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्याला भ्यायचे ते लबाड. कुठलंही गिऱ्हाईक त्याला भ्यालं नव्हतं.

घरी आला तर रत्नाबाईने त्याच्या फाटलेल्या ओठाकडे बघून विचारलं, "आज कुणाला मारून आलात?"

तो उंबऱ्यावरच बसला.

"एका पोरीला," तो म्हणाला.