पोटभर पेट्रोल

माझे बाबा सिग्नलला टॅक्सी बंद करायचे. लाल दिवा दिसला की चावी फिरवायची, उतार लागला की न्यूट्रल. संपात त्यांची गिरणी गेली, मग त्यांनी टॅक्सी धरली, आणि पेट्रोलचा थेंबन् थेंब वाचवत आम्हा भावंडांना शिकवलं. अशा माणसाच्या मुलीने सेकंडहँड टर्बो गाडी आणून लालबागच्या चाळीखाली उभी केली, म्हणजे घरात काय झालं असेल ते सांगायला नको.

ते एकदाच बसले, तेही दादरपर्यंत. प्रत्येक सिग्नलला माझ्यापुढून हात घालून बटण दाबायचे आणि इंजिन बंद करायचे. मागचे हॉर्न मारत होते, मी बाबांवर खेकसत होते. उतरताना त्यांनी जाहीर केलं की ही गाडी बेवडी आहे, मी पुन्हा हिच्यात पाय ठेवणार नाही. बाबा शब्दाचे पक्के, हे अख्ख्या चाळीला माहीत. मला फार वाईट वाटलं. माझ्या कमाईची, मनासारखी पहिली गाडी, आणि ज्यांना तीतून मिरवून आणायचं तेच रुसलेले.

मीही त्यांचीच मुलगी. हट्टाने टर्बोचं प्रेशर आणखी वाढवून घेतलं. मग गाडीने नखरे सुरू केले. उड्डाणपुलाच्या चढावर पाय दाबला की आधी झेपावायची आणि मध्येच आचके द्यायची. लोअर परळला माझ्या शाळेतल्या मित्राचं गॅरेज आहे, तिथे न्यायचं ठरवलं. पोरीला कोणी लुबाडू नये म्हणून बाबा निघाले. गाडीतून नव्हे, मागून चालत.

मित्राने समजावलं. टर्बो इंजिनात हवा जास्त कोंबतोय, पण टाकीतला पंप तेवढं पेट्रोल पोचवू शकत नाही. असंच चाललं तर इंजिन तापून एक दिवस पिस्टन वितळेल. एक तर प्रेशर खाली आणायचं, नाहीतर पंप आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दोन्ही मोठे बसवायचे. नुसते इंजेक्टर बदलून भागणार नाही, पंपच कमी पडत असेल तर ते कुठून देणार? मी भांडायच्या तयारीने बाबांकडे बघितलं. त्यांचं उत्तर मला पाठ होतं.

बाबा बॉनेटमध्ये वाकून बघत होते. "म्हणजे चढाक ही उपाशी रवता?"

मित्र हसून हो म्हणाला.

मग बाबा स्टुलावर बसले आणि मी कधीच न ऐकलेली एक गोष्ट सांगू लागले. संपाच्या दिवसांत ते हातगाडी ओढायचे. सकाळी पोटात नुसती पेज, आणि करी रोडच्या पुलावर भरलेली गाडी चढवायची. अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि मुकादम मागून ओरडायचा. सांगताना ते हसत होते. मला काही हसू येईना.

"उपाशी ठेवन काम करून घेवचा नाय," ते मित्राला म्हणाले. "तिका पोटभर घाल."

मग तर त्यांच्या उत्साहाला ऊतच आला. मित्र मधल्या मापाचा पंप दाखवून हा भरपूर झाला म्हणत होता, बाबांना सगळ्यात मोठा हवा होता. पंगतीत जावयाला करावा तसा त्यांचा आग्रह चालला होता. शेवटी मित्राने हात जोडले, तेव्हा कुठे ते मधल्यावर राजी झाले.

गाडी तयार झाल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी बाबा खाली आले. शब्द कुठे गेला, हे मी विचारलं नाही. ते शेजारी बसले, पट्टा लावला. उड्डाणपुलाच्या चढावर मी पाय दाबला. गाडी एकदाही अडखळली नाही. बाबा सीटला चिकटले आणि लहान मुलासारखे खिदळत सुटले. मला इतका आनंद झाला की भायखळा कधी आलं ते कळलं नाही.

पूल उतरून पुढे गेलो तर सिग्नल लाल. सवयीने बाबांचा हात बटणापर्यंत आला. थोडा वेळ तिथेच थांबला, मग त्यांनी तो मांडीवर परत नेला.

"रवांदे," ते म्हणाले. "जेवता ती."