भिवंडीतली एक पंगत आणि वरच्या फळीवरची ताटं

भिवंडीला कुणी फिरायला जातं का, असं माझ्या लेकीनं विचारलं तेव्हा मी बॅग भरत होते. जातात, म्हटलं, मी चाललेय ना. खरं कारण शोभनाचा फोन होता. शोभना माझी डी.एड.पासूनची मैत्रीण, आता तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापिका. ती सहसा बोलवत नाही, नुसतं सांगते. "रविवारी रुपालीच्या घरी जेवण आहे. तू ये. झालं तर फार मोठं होईल, आणि नाही झालं तर मला कुणीतरी सोबत लागेल."

नाशिकहून सकाळची एसटी घेतली. तिकीट तीनशेच्या आत. कसारा घाटात धुकं होतं, त्यामुळे गाडी सावकाश, आणि मला ते बरंच वाटलं. पडघ्याच्या पुढे मात्र रस्त्याला ट्रेलरांची रांग लागते. तुम्ही जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि थोडी सहनशक्ती जवळ ठेवा. दोन्ही बाजूंनी निळ्या पत्र्यांची गोदामं, मध्येच एखादं भाताचं खाचर, त्यात चार बगळे. मग परत गोदाम.

शोभनाचं घर नारपोलीत आहे. गल्लीत शिरलं की पॉवरलूमचा खडखडाट आधी कानांत भरतो आणि मग तळपायांतून वर येतो. तासाभरानं तो ऐकू येईनासा होतो. तिच्या दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचे फोटो, ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवता जेवता तिनं सगळं नीट सांगितलं.

या भागातल्या शिक्षकांचा एक गट आहे. मराठी शाळांतले, उर्दू शाळांतले, काही पाड्यांवरचे. शाळेत जात पाहून होणाऱ्या गोष्टी बंद करायच्या, एवढंच त्यांचं काम. एका शाळेत पाण्याच्या माठावर काही मुलांना वरून ओतून पाणी मिळायचं, तिथे नळाची टाकी आली. दापोड्याकडच्या एका वर्गात पाड्यावरची मुलं कायम दाराशी बसायची, तिथे आता दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलतात. गटाचा नियम एकच. महिन्यातून एकदा भेटायचं ते कुणाच्या तरी घरी, दर वेळी वेगळ्या. त्या घरात जे शिजेल ते आधी सगळ्यांनी जेवायचं आणि मगच बोलायला बसायचं. ज्याच्या घरी आपण जेवलो नाही त्याच्याशी समतेवर काय बोलणार, असं शोभनाचं म्हणणं.

रुपालीची पाळी मात्र कायम पुढे जात राहिली. ती अंजूरच्या पलीकडच्या एका गावात राहते, गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्याच शाळेत शिकवते. सासू जुन्या वळणाच्या. आणि त्या शाळेत टेकडीवरच्या कातकरी पाड्याची मुलं दुपारच्या खिचडीला शाळेच्या ओट्याच्या टोकाला, वेगळी बसतात. त्यांच्या ताटल्यांना मागून लाल ऑइलपेंटचा ठिपका. कुणी लावला ते कुणाला आठवत नाही, पण चुकून ठिपक्याची ताटली हाती आली तर गावातली मुलं ती खाली ठेवून दुसरी घेतात.

रुपालीनं पालकसभेत हा विषय काढला. एकच रांग, एकच ताटल्या. शाळा समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, आधी सासूला इचारा. तुमच्या घरान पाड्याची पंगत बसली का आमी बी एक रांग करू."

सभा हसली. रुपाली हसली नाही. बरं, म्हणाली, रविवारी या सगळे. गटाची पाळीही तिनं त्याच दिवशी मागून घेतली.

रविवारी अंजूरफाट्यावरून शेअर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं शोभनाला सलाम केला, त्याची दोन्ही मुलं तिच्या हाताखालून गेलीत. रस्ता अर्धा सिमेंटचा, अर्धा खड्ड्यांचा, आणि एका वळणावर गोदामं संपून एकदम खाडीचा वास येतो. आमच्याबरोबर उर्दू शाळेतले शकील सर होते, मांडीवर नानकटाईचा मोठा पुडा. तो शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला उघडू दिला नाही.

रुपालीचं घर नव्या बांधणीचं, पुढे शेणानं सारवलेलं जुनं अंगण. सासूबाई मागच्या दारी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, हसल्या नाहीत. रुपालीनं कानात सांगितलं की आठवडाभर घरात बोलणं बंद होतं, काल रात्री त्या एवढंच म्हणाल्या, की येऊ दे, पण कागदाची ताटं आण. रुपालीला हायसं वाटलं होतं. सगळ्यांनाच कागदाची, म्हणजे भेद नको. घासायलाही नकोत.

मग पाड्यावरच्या चार-पाच जणी आल्या. पुढे सोमी, तिची मुलगी रुपालीच्या वर्गात आहे. सवयीनं ती घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेली. सासूबाईंनी भाकरी थापता थापता वर पाहिलं.

"तू मथीची पोर ना? चिंबोऱ्या घेऊन यायची ती?"

"हां."

"आयस कशी हाय?"

"गेली. दोन पावसाळे झाले."

सासूबाईंचा हात थांबला. मथीनं खाडीतून धरून आणलेल्या चिंबोऱ्या या घरानं वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या, आणि मथीनं हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. ती गेल्याचंही इथे कुणाला कळलं नव्हतं. "पुढच्या दारानं ये," त्या म्हणाल्या आणि परत पिठाकडे वळल्या.

ओसरीवर पंगत मांडली. गावातले काही जण अंगणात जमले होते. अध्यक्ष आले, पण चपला न काढता तुळशीपाशी उभे राहिले, दुसऱ्याच्या घरचं भांडण बघायला उभे राहतात तसे. वालाचं बिरडं, बोईट माशाचं कालवण, भात. रुपालीनं सगळ्यांपुढे चंदेरी कागदाची ताटं ठेवली. सोमीपुढेही ठेवलं. सोमीनं ते बोटानं थोडं मागे सरकवलं.

"पत्रावळीवर आमी आधी पन जेवलूय, बाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लग्नाला. मांडवाच्या भायेर. जेवन झालं का उचलून फेकायची, कुनाला हात लावाया लागत न्हाय."

मी रुपालीकडे पाहिलं. तिला कळलं होतं, आणि मलाही त्याच क्षणी कळलं, की आपण ज्याला समान म्हणत होतो ते नुसतं सोयीचं होतं. अध्यक्षांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. सोमी उठली असती तर त्यांना पुढे काही बोलायचीही गरज उरली नसती. ती उठणार असंच मला वाटलं.

रुपाली आत गेली आणि मांडणीतून स्टीलचं ताट ओढलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"ती नको," त्या म्हणाल्या.

रुपाली ताट धरून तशीच उभी राहिली. शोभनानं माझा हात घट्ट धरला.

"ती रोजची हायेत. वरच्या फळीवरची काढ."

वरच्या फळीवर रुपालीच्या लग्नातली ताटं होती, नाव घातलेली, जावयासाठी नाहीतर व्याह्यांसाठी निघणारी. रुपालीनं स्टूल घेतलं. तरी तिचा हात पोचेना, तेव्हा शकील सरांनीच पुढे होऊन ताटं खाली घेतली. घेता घेता म्हणाले, "हमारे यहाँ तो एक थाल में चार लोग बैठते हैं. धोने का टेन्शन ही कम." सगळ्यात आधी सोमी हसली.

जेवणाचं काय सांगू. असं बिरडं मी खाल्लेलं नाही. सासूबाईंनी स्वतः वाढलं, सोमीला कालवणातला डोक्याकडचा तुकडा दिला आणि तिनं नको म्हटल्यावर रागावल्या. अध्यक्ष कधी चपला काढून ओसरीच्या कडेला बसले ते कुणी पाहिलं नाही, भात मागताना मात्र ऐकू आले.

जेवण झालं. पाड्यावरच्या बायका आपापलं ताट उचलून मोरीकडे निघाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गावात जेवायला मिळालं की भांडं आपण घासून पालथं घालायचं, ही रीत अंगात मुरलेली. सासूबाई मोरीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि सोमीच्या हातातलं उष्टं ताट काढून घेतलं.

"ठेव. माझे घरान पाव्हनी भांडी घासत न्हाय."

शोभना तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिली. त्या दिवशी गटाची बैठक झालीच नाही. नानकटाई तेवढी संपली.

मी सोमवारपर्यंत राहिले आणि दुपारी शोभनाबरोबर रुपालीच्या शाळेत गेले. रुपाली आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी सकाळीच रॉकेलनं सगळे लाल ठिपके पुसून काढले होते, ओट्याला अजून वास होता. ताटल्यांची एकच चळत, एकच रांग. एक बारीकशी मुलगी चळतीसमोर अडून उभी राहिली. सोमीची लेक होती ती.

"बाई, माझी कुठली?"

"सगळ्यात वर असेल ती," रुपाली म्हणाली.

तिनं वरची उचलली. तिच्यामागे अध्यक्षांचा नातू होता. त्यानं पुढची उचलली, उलटी करून पाहिली नाही, आणि जागा होती तिथे, म्हणजे तिच्याशेजारी बसला. रुपालीनं खडू खाली ठेवला आणि वाढायला घेतलं. खिचडी साधीच होती, मीठ जरा कमी. मीही दोनदा घेतली.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर सासूबाईंनी दिलेला स्टीलचा डबा, आत तांदळाच्या भाकऱ्या. असाच एक त्यांनी सोमीलाही बांधून दिला होता. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत जात नाही, म्हणून घाट चढेपर्यंत मी विचार करत होते, यात काय भरून पाठवावं.

घरी येऊन मी माझ्या मांडणीतली वरची फळी पुसली. तिथली ताटं आता खाली, रोजच्या हाताला आहेत. लेकीनं विचारलं, कोण येणार आहे. कुणीही, म्हटलं.

गुरुवारी रुपालीचा फोन आला. सोमीनं डबा परत आणून दिला होता. पुढच्या दारानं. आत उकडलेले करांदे होते, टेकडीवरून खणून आणलेले. रुपालीनं डबा उघडाच सासूपुढे धरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चहा व्हायच्या आधीच दोन खाल्ले. आणि म्हणतात कशा, मथी मागच्या दारी द्यायची त्यांत यापेक्षा बरं मीठ असायचं."