अब्दुलचा हात

राहनाळच्या गोदामांमागे दामू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गेले तीन महिने तो तिथे एकटाच असतो, आणि त्याचं काम मुळात एकट्याचं नव्हेच. ट्रकचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारी पेटी; तिच्यातल्या दात्यांना निळा रंग लावायचा, एकाने छोटं चाक फिरवायचं, दुसऱ्याने मोठं चाक हाताने दाबून अडवायचं. असा जोर आला तरच दाते एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. ठसा मधोमध आला की काम झालं. कडेला गेला तर पत्र्याच्या चकत्या बदलून पुन्हा पहिल्यापासून.

बावीस वर्षं अडवणारा हात अब्दुलचा होता. दोघांत बोलणं बेताचंच. दुपारी डबे मात्र एकमेकांचे खायचे. आता दामू चाकाला लाकडाची पाचर लावतो आणि अर्धा डबा घरी परत नेतो. त्या पाचरीला बिचारीला काय कळतं, कधी दाबायचं आणि कधी सैल सोडायचं!

झालं होतं असं. भाविकशेठचा खाणीवरचा टिपर आला होता, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा. म्हणजे पुढच्या ॲक्सललाही डिफरन्शियल. असली गाडी दामूकडे वर्षातून एखादीच यायची. ठसा काही केल्या कडेलाच येत होता. दामूचं डोकं उकाड्याने आधीच तापलेलं, त्यात शेठ उरावर उभा. दामू फटकन बोलून गेला, "हात ढिला पडलाय तुझा. घरी बस." अब्दुलने साबणाने हात धुतले, डबा उचलला आणि गेला. दामूने मग आपल्या अकलेने चकत्या घालून गाडी दिली. दात्यातला केसाएवढा फरक ओळखणारा हा माणूस, पण एक फोन करायचा तर उद्या करू, परवा करू करत त्याने तीन महिने घालवले.

आज तोच टिपर बोंबलत परत आला. दामूने ॲक्सल उघडला, तेल पुसलं आणि दाते उजेडात पाहिले. घासून चकाकलेली जागा दात्याच्या आतल्या, खोलगट अंगाला होती. मागच्या ॲक्सलला जोर बाहेरच्या अंगावर येतो. या गाडीच्या पुढच्याला उलटा. जन्माच्या सवयीने त्याने त्या दिवशी ठसा बाहेरच्याच अंगावर पाहिला होता. अब्दुलच्या हातात काडीचाही दोष नव्हता.

त्याने लगेच फोन लावला. उचलला अब्दुलच्या बायकोने, रुकय्याने. फोन घरी ठेवून तो अकलोलीला गेलाय, म्हणाली.

"दर रविवारी जातो, दामूभाई. गरम कुंडात हात बुडवून बसतो. बोलतो, हात ढिला पडलाय."

दामू म्हणाला, "भाभी, त्याच्या हाताला काय झालेलं न्हाय. चूक माझी हाय."

ती एवढंच म्हणाली, की ज्याच्यासमोर बोललात, निदान त्याच्यासमोर तरी हे सांगा.

दामूला ते पटलं. दुपारी भाविकशेठ आला तसा तो उठून उभा राहिला. "शेठ, मागच्या टायमाला चूक माझी होती. अब्दुलची न्हाय."

शेठने मोबाइलमधून मान वर केली. "कोण अब्दुल?"

दामूने साबणाने हात धुतले, न उघडलेला डबा उचलला आणि शेठला तिथेच उभा सोडून अकलोलीच्या गाडीला निघाला.