पाव फेरा

माझी मुलगी सई अकरा वर्षांची झाल्यापासून माझ्याबरोबर देवळात येईनाशी झाली. कारण एवढंच, की देवळात चपला काढाव्या लागतात. तिच्या उजव्या पायाच्या चौथ्या बोटामागचं हाड वाढायचं थांबलं होतं. बोट आखूड राहून वर उचललं गेलं होतं, आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती घरातही मोजे घालायची. सतराव्या वर्षी तळवा दुखायला लागला. कॉलेजातून आली की पाय धरून बसायची. ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी उपाय सांगितला: हाड कापायचं, पायाला बाहेरून दोन सरकत्या ठोकळ्यांची एक छोटी पट्टी पिनांनी बसवायची आणि तिचा स्क्रू रोज थोडा थोडा फिरवून हाडाचे दोन तुकडे लांब न्यायचे. मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. सईचे बाबा म्हणाले, "चालती-फिरती पोरगी आहे. तिच्या पायाला सुरी कशाला लावायची?" तरी मी हो म्हटलं. कागदावर सही मीच केली.

ऑपरेशन नीट झालं. खरी परीक्षा पुढे होती. आठवड्यानंतर स्क्रू फिरवायची सुरुवात होती, सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा, आणि तो फिरवायचा होता मी. डॉक्टरांनी करून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. "ताण बसेल, थोडं दुखेल, घाबरायचं नाही," ते म्हणाले. डोंबिवलीला घरी आल्यावर मात्र बारीकशी किल्ली हातात घ्यायचे आणि परत खाली ठेवायचे. आपल्या हाताने लेकीचं हाड ओढायचं, ही कल्पनाच सोसवत नव्हती. पहिल्या दिवशी मी दत्तमहाराजांना विनवलं, "माझ्या हातून तिला दुखू देऊ नका." नाम घेत पाव फेरा दिला. सईने डोळे गच्च मिटले होते. ते उघडून ती म्हणाली, "आई, काहीच नाही दुखलं गं!"

तीन दिवस तसंच. मी कृतार्थ झाले होते. नातेवाइकांना फोन करून सांगत होते, बघा, नामाचा प्रभाव. आतून एक बारीक शंका यायची, स्क्रू थोडा जड का लागतोय? पण मी ती झटकून टाकायचे. शंका घेणं म्हणजे कृपेवर अविश्वास, असं मला वाटायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ड्रेसिंगसाठी कल्याणच्या दवाखान्यात गेलो. गर्दी होती, नंबर लागेना, फेऱ्याची वेळ झाली. तिथेच बाकावर सईचा पाय मांडीवर घेऊन मी किल्ली काढली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मनगटाला बँडेज. मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते, हे नंतर कळलं. ते वाकून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका. हे दोन ठोकळे लांब न्यायचेत की जवळ आणायचेत?"

"लांब," मी जरा तुटकपणेच म्हटलं.

"मग थांबा. तुम्ही फिरवताय तसे हे जवळ येणार. आटे उलटे चाललेत."

मला रागच आला. डॉक्टरांनी शिकवलंय, यांना काय कळतं? पण सईने मोबाईल काढला. पहिल्या दिवशी मैत्रिणींना पाठवलेला पायाचा फोटो तिने पट्टीशेजारी धरला. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, अगं ठोकळ्यांमधली ही फट कमी झालीय."

मी किल्ली खाली ठेवली. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून शिकलेलं मी घरी पायाच्या समोर बसून करत होते, त्यामुळे उजवं ते डावं झालं होतं. दिशेचा बाण चिकटपट्टीखाली दडला होता, आणि मी तो शोधलाही नव्हता. दुखत नव्हतं, कारण काहीच ओढलं जात नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला आणि रिक्षाने तसंच ठाणं गाठलं. रस्ताभर सई माझा हात धरून होती, मी तिची क्षमा मागत होते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर हाड जुळलं असतं. पुन्हा कापावं लागलं असतं." मग त्यांनी माझ्याच हाताने योग्य बाजूला पाव फेरा द्यायला लावला. सई कळवळली. मी रडत होते. ती म्हणाली, "आई, थांबू नकोस. आता बरोबर दुखतंय."

पुढचे सगळे फेरे दुखले. पिनेची जागा एकदा लाल झाली, आम्ही पुन्हा घाबरलो, पण तेही निभावलं. काही महिन्यांनी पट्टी निघाली. बोट शेजारच्या बोटांच्या रांगेत आलं. थोडं ताठ आहे, पण टेकतं.

ते फिटर काका पुढच्या ड्रेसिंगला परत भेटले. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले. म्हणाले, "अहो ताई, मला आटे कळतात, दुसरं काही नाही." त्यांना कुणी पाठवलं, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. मी देवाकडे दुःख नको म्हणून मागत होते. त्याने मला चूक दाखवणारा माणूस दिला, आणि मी त्याच्यावरच रागावले होते. आता हात जोडते तेव्हा एवढंच म्हणते: महाराज, मी चुकत असेन तर कुणाला तरी पाठवा, आणि त्याचं ऐकायची बुद्धी द्या.